आयल्ट्सच्या रायटिंगमध्ये साडेसहावर अडकलात? या चुका टाळा

आयल्ट्स म्हणजे परदेशात शिकायला किंवा राहायला जायचं तर लागणारी इंग्लिशची परीक्षा, तिच्या चारही भागांना नऊपैकी बँड म्हणजे गुण मिळतात. लिसनिंगला आठ, रीडिंगला साडेसात, स्पीकिंगला सात आणि रायटिंगला सहा. असा रिझल्ट घेऊन बसलेली इतकी मुलं बघितलीत ना की आता कोणी फक्त "रिझल्ट आला" म्हटलं तरी कळतं. मी पण त्यातलाच, पहिल्या वेळी सहा. कॅनडाला जायचं असेल तर सीएलबी (भाषा किती येते ते मोजायची कॅनडाची पट्टी) 9 साठी रायटिंगमध्ये 7 लागतात, म्हणजे साडेसहा आले की बाकीचं कितीही छान असू दे, सीएलबी 8 वरच थांबलात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठ केलेला एस्से. आमच्या क्लासमध्ये एक टेम्प्लेट दिलं होतं, त्यात फक्त विषयाचं नाव बदलायचं, आणि मी ते इमानदारीत घोकलं. "इन धिस मॉडर्न एरा" पासून सुरुवात, मध्ये कुठेतरी एक "प्लेथोरा" पेरायचा. (हा शब्द मी आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, फक्त आयल्ट्सच्या एस्सेत भेटतो.) तपासणाऱ्याने अशी वाक्यं हजारदा वाचलेली असतात, त्याला पहिल्या ओळीतच कळतं की हे उसनं आहे, आणि पुढच्या ओळीत स्वतःचं इंग्लिश आलं की फरक अजूनच डोळ्यात भरतो.

टेम्प्लेटमुळे दुसरं नुकसान असं होतं की प्रश्न नीट वाचलाच जात नाही. समजा विचारलंय की गावातली तरुण मुलं शहरात का जातात आणि त्याचा गावावर परिणाम चांगला होतो की वाईट, तर आपण लिहितो काय? शहरीकरणावर निबंध! प्रदूषण, ट्रॅफिक, घरांच्या किमती सगळं येतं, पण गावाचं काय झालं ते एका ओळीत उरकतो. रायटिंग तपासायच्या चार निकषांना सारखेच म्हणजे 25-25 टक्के मार्क असतात, विचारलेल्याचं उत्तर दिलं का, मुद्दे एकमेकांना जोडलेत का, शब्द आणि ग्रामर. आपण सगळा जोर शब्दांवर लावतो आणि पहिल्याच निकषात मार खातो. लिहायच्या आधी पाच मिनिटं फक्त प्रश्न फोडायला द्या, आपलं मत काय ते ठरवा आणि ते शेवटपर्यंत बदलू नका.

आता ग्रामर, इथे आपली मराठी मधे येते. आपण जरी-तरी बोलतो म्हणून "ऑल्दो"ने वाक्य सुरू केलं की पुढे "बट" आपोआप येतो, तो नको. "पाच वर्षांपासून इथे काम करतोय" याचं आपण सरळ "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" करून टाकतो, कारण आपल्याला "पासून" एकच पुरतो, इंग्लिशला दोन लागतात, तिथे "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स" पाहिजे. "च्याबद्दल चर्चा" डोक्यात असते म्हणून "डिस्कस अबाउट", "माझ्या मते" म्हणून "अकॉर्डिंग टू मी". आणि अ, ॲन, द, हे तर मराठीत नाहीतच, त्यामुळे लिहिताना दिसतच नाहीत! मी काय केलं, चुकांची एक यादी बनवली, आणि शेवटची चार मिनिटं नवीन काही न लिहिता फक्त त्या यादीतल्या चुका शोधायला ठेवली. खरं सांगतो, नवीन शब्द पाठ करण्यापेक्षा याने जास्त फरक पडला.

रायटिंगमध्ये दोन प्रश्न असतात, एस्से म्हणजे टास्क टू. त्याआधीच्या टास्क वनमध्ये ॲकॅडमिकवाले (शिकायला जाणारे) ग्राफमधला प्रत्येक आकडा लिहून काढतात आणि ओव्हरव्ह्यू विसरतात. एकूण काय वाढलं, काय घटलं हे दोन वाक्यांत आकड्यांशिवाय सांगायचं, ते नसेल तर पहिल्या निकषात वर चढणं अवघड. आणि का वाढलं याची कारणं देऊ नका, कोणी विचारलेली नाहीत. जनरलवाल्यांना (नोकरीला किंवा कायमचं राहायला जाणाऱ्यांना) पत्र असतं, तिथे आपली शाळेतली "पत्रास कारण की" जागी होते, वर पत्ता, दिनांक, विषय. पत्ता लिहायची गरज नाही असं प्रश्नातच लिहिलेलं असतं. आणि मित्राला पत्र असेल तर "डिअर सर" नको, दिलेले तिन्ही मुद्दे मात्र आलेच पाहिजेत.

वेळ एकूण 60 मिनिटं. टास्क टूचं वजन टास्क वनच्या दुप्पट, तरी लोक 150 शब्दांच्या टास्क वनमध्ये अर्धा तास घालवतात आणि मग 250 शब्दांचा एस्से धावतपळत. कॉम्प्युटरवर देणार असाल तर शब्द किती झाले ते स्क्रीनवर दिसतं पण स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही, म्हणून प्रॅक्टिस साध्या नोटपॅडमध्ये करा, ऑटोकरेक्टच्या जिवावर नाही.

एवढं करून अर्धा बँड कमी पडलाच तर रीचेकिंगला टाकता येतं, बँड वाढला तर फी परत मिळते. कॉम्प्युटरवर दिली असेल तर 60 दिवसांत फक्त रायटिंग परत देण्याचीही सोय आहे, पण सगळ्या युनिव्हर्सिट्या ते धरत नाहीत, पैसे भरायच्या आधी मेल करून विचारून घ्या.