जुना मालक वाईट बोलतोय? कोकणात भाड्याचं नवं घर असं शोधा

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ यांसारख्या गावांत घरमालक भाडेकरूची चौकशी कागदावर करत नाहीत. "आधी कुणाकडे होतात?" एवढं विचारतात आणि संध्याकाळपर्यंत त्या मालकाला, नाहीतर त्याच्या मेव्हण्याला फोन गेलेला असतो. शहर लहान, ओळखी गुंतलेल्या. त्यामुळे जुना मालक नाराज असेल तर दोन-तीन घरं "कळवतो हं" म्हणून हातची जातात आणि कारण कुणी सांगत नाही. अशा वेळी गाव बदलायची गरज नसते. नव्या मालकाला ते बोलणं दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळलं पाहिजे आणि सोबत कागद हवेत.

आधी नेमकं काय बोललं जातंय ते काढा

ज्याने नकार दिला त्यालाच शांतपणे विचारा: "काका, घर नाही दिलंत तरी चालेल, पण मागच्या घराबद्दल काही कानावर आलं असेल तर सांगा." बरेच जण सांगतात. तक्रारी साधारण ठरलेल्याच असतात: भाडं उशिरा, लाईटबिल थकवलं, भिंती खराब केल्या, पाहुणे फार, आवारातले नारळ-आंबे काढले, घर सोडताना भांडण. यातली प्रत्येक तक्रार वेगळ्या पद्धतीने मिटते, म्हणून ही पायरी गाळू नका.

लाईटबिलाची तक्रार बहुतेक वेळा गैरसमजाची असते. मीटर मालकाच्या नावावर आणि शेवटचं बिल येतं तुम्ही घर सोडल्यावर. मधल्या दिवसांचे युनिट कुणाचे, यावर दोघेही अडून बसतात. महावितरणच्या ॲपवर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकला की मागची बिलं आणि भरणा दिसतो. त्यावरून तुमच्या मुक्कामाचे युनिट काढा आणि रक्कम वादाची असली तरी, दोन-चारशे रुपयांचा प्रश्न असेल तर, भरून टाका. तेवढ्यासाठी नवं घर घालवण्यात अर्थ नाही.

भिंतींचं मात्र मुकाट्याने मान्य करू नका. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पाणी ओढते. बाहेरून गिलावा नसेल किंवा तडे असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये आतून बुरशी धरतेच, मग घरात कुणीही राहो. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या जाळ्या, नळ, पंखे गंजतात तेही तसंच. हा भाडेकरूने केलेला खराबा नव्हे. खिळे ठोकून पाडलेली भोकं, फुटलेलं बेसिन, तुटलेली कडी हे तुमचं. दोन्हींची वेगवेगळी यादी केलीत की जुन्या मालकाशी बोलताना मुद्दा हातातून सुटत नाही.

जुन्या मालकाकडून चिठ्ठी

चांगलं बोला म्हणून त्याच्या मागे लागू नका. त्याच्याकडून फक्त एवढं लिहून घ्यायचं:

"श्री./श्रीमती ______ माझ्या ______ येथील घरात दि. ____ ते दि. ____ भाड्याने राहत होते. भाडे, लाईटबिल व पाणीपट्टी पूर्ण मिळाली. चाव्या मिळाल्या. काही येणे बाकी नाही."

खाली सही, तारीख, मोबाईल नंबर. स्टँपपेपर नको, साधा कागद पुरतो. स्टँप म्हटलं की माणूस बिचकतो. एकटे जाऊ नका. ज्याचा शब्द दोघेही मानतात असा एखादा माणूस सोबत घ्या: वाडीतला जाणता, पोलीस पाटील, सोसायटीचा सेक्रेटरी किंवा तुमच्या ऑफिसातला वरिष्ठ. खेड्यात तंटामुक्त गाव समिती चालू असेल तर असा वाद तिथेही बसून मिटतो. अनामत अडकली असेल तर "त्यातून एवढं कापून घ्या, उरलेलं द्या आणि चिठ्ठी द्या" असा एकाच बैठकीत निकाल लावा. चिठ्ठी देणारच नाही म्हणाला, तर हिशेब व्हॉट्सॲपवर पाठवा: किती महिने, किती भाडं, कधी दिलं, लाईटबिल कधीपर्यंत भरलं, चाव्या कुणाकडे दिल्या. त्यावर त्याचा नुसता "ठीक आहे" आला तरी कामाचा असतो. काहीच आलं नाही, तरी तारखेसह केलेला हिशेब तुमच्याकडे राहतो.

रक्कम मोठी असेल आणि मालक सरळ अडवत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. समिती तालुक्याच्या कोर्टातच असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्यांना नाही. पण बदनामीची नोटीस पाठवण्याच्या भानगडीत घर शोधताना पडू नका. नोटिशीची बातमी चिठ्ठीपेक्षा लवकर पसरते आणि नवा मालक म्हणतो, "हा कोर्टात जाणारा माणूस आहे."

फाईल

प्लास्टिकचं साधं फोल्डर, आत या क्रमाने: वरची चिठ्ठी किंवा हिशेबाची प्रिंट, मागच्या बारा महिन्यांचा बँकेचा उतारा आणि त्यात भाड्याच्या नोंदी पिवळ्या केलेल्या, लाईटबिलाच्या पावत्या, आधीचा नोंदणीकृत करार असेल तर त्याची प्रत, नोकरीचं पत्र किंवा धंद्याचा परवाना. भाडं रोख दिलेलं असेल तर पावत्या. भाड्याची पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, पण कोकणात ती क्वचितच मागितली जाते. पावत्या नसतील तर दर महिन्याच्या सुरुवातीला बँकेतून काढलेली तेवढीच रक्कम दाखवता येते. पुरावा म्हणून तो कच्चा, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो. जुन्या घरी भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं असेल तर हा दाखला नक्की काढा. एरवी गरज नाही, उगाच संशय येतो. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: "फक्त घरभाडे करारासाठी", खाली तारीख.

याशिवाय तुमच्याबद्दल बोलणारी दोन माणसं हवीत. जुन्या मालकाच्याही आधीचा मालक सगळ्यात उत्तम. तो नसेल तर जुना शेजारी आणि कामावरचा साहेब. नातेवाईक नको. त्यांचे नंबर देण्याआधी त्यांना सांगून ठेवा, नाहीतर फोन गेल्यावर ते "कोण?" म्हणून विचारतात आणि सगळं मुसळ केरात.

घर बघताना काय बोलायचं

घर आवडलं आणि भाडं पटलं की लगेच, चौकशीचा फोन जायच्या आत:

"काका, एक आधीच सांगतो. मागच्या घरी शेवटचे दोन महिने भाडं उशिरा गेलं, कंपनीत पगार अडकला होता. त्यावरून मालकांशी बोलाबोली झाली. आता सगळं फिटलंय, ही त्यांची चिठ्ठी आणि हा बँकेचा उतारा. तुम्ही त्यांना फोन केलात तर कदाचित बरं बोलणार नाहीत. त्याच्या आधी ज्यांच्याकडे चार वर्षं होतो, त्यांनाही एक फोन करा, हा नंबर."

अर्ध्या मिनिटात संपवा. जुन्या मालकाची निंदा एका वाक्यानेही करू नका. ऐकणाराही मालकच असतो आणि पुढे आपल्याबद्दलही हा असंच बोलेल, हे त्याच्या मनात येतंच. वहिनी किंवा काकू समोर असतील तर त्यांच्याशीही बोला. घर कुणाला द्यायचं हे पुष्कळदा आतूनच ठरतं.

कधीकधी जुन्या मालकाचं नाव नुसतं निमित्त असतं. एकटा मुलगा, एकटी बाई, जात, धर्म, घरात शिजणारं खाणं, खरं कारण यातलं एखादं असतं. कागद बघूनही माणूस कागदांबद्दल एक प्रश्न विचारत नसेल तर ते ओळखावं आणि तिथे दुसरी खेप घालू नये.

कुणाचं घर बघावं

मालक त्याच आवारात राहत असेल तर तो चौकशी सगळ्यात कडक करतो. तुमचं पाणी, पाहुणे, गाडीचा आवाज सगळं त्याला रोज सोसायचं असतं. याउलट मुंबईकर चाकरमान्यांची बंद घरं बघा. घर बंद राहिलं की वाळवी लागते, कौलं सरकतात, विहिरीचा पंप अडकतो. अशा मालकाला भाड्यापेक्षा घर उघडं, झाडलेलं आणि दिवा लागलेलं हवं असतं. त्याला सांगा: मे महिन्यात शाकारणीला (पावसाआधी कौलं नीट बसवायला) माणूस आणून उभा राहीन, पावसात गळती दिसली तर त्याच दिवशी फोटो पाठवीन, खळ्यातलं (अंगणातलं) आणि पायऱ्यांवरचं शेवाळ काढीन. यातलं जेवढं खरंच कराल तेवढंच बोला.

पण अशा घरांत तीन गोष्टी आधी विचाराव्या लागतात. गणपतीत आणि शिमग्याला मालक येणार का, किती दिवस, किती माणसं, त्या दिवसांत तुम्ही कुठे राहायचं? देवाची खोली बंद राहणार की रोज दिवा तुम्ही लावायचा? आणि घर एकट्याचं की भाऊबंदांचं सामाईक? तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा असेसमेंट उतारा मागा. त्यावर चार नावं असतील आणि भाडं घेणारा एकच असेल तर बाकीच्यांची संमती लेखी हवी. नाहीतर मे महिन्यात एखादा चुलतभाऊ येऊन तुमचं सामान खळ्यात काढतो आणि "त्या घरातूनही काढलं" हे नवं बोलणं तुमच्या नावाला चिकटतं.

वेळही बघा. एप्रिल-मे मध्ये सरकारी बदल्या होतात, जूनमध्ये कॉलेजं सुरू होतात, तेव्हा मागणी जास्त असते आणि मालक निवड करत बसतो. दापोली, गुहागर, मालवणच्या किनाऱ्याला तर मे महिन्यात खोल्या पर्यटकांना जातात. गणपती संपल्यानंतरचे महिने आपल्यासारख्याला सोयीचे. चिपळूणला बाजारपेठेच्या सखल भागात घर स्वस्त मिळालं तर २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते शेजारच्या दुकानात विचारा, मगच हो म्हणा. लोटे, मिरजोळे, कुडाळ इथल्या एमआयडीसीत काम करत असाल तर कंपनीच्या एचआरला किंवा ठेकेदाराला विचारा. कंपनीच्या ओळखीने दिलेल्या खोलीला जुन्या मालकाचा फोन सहसा जात नाही.

मालकाला भरवसा म्हणून काय द्यायचं, काय नाही

एक महिन्याची जास्त अनामत, बँकेतूनच. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला आपोआप भाडं जाईल अशी बँकेत सूचना. दोन्ही बाजूंनी एक महिन्याच्या नोटिशीची अट, म्हणजे मालकाला "हा बसला तर उठणार नाही" ही धास्ती राहत नाही.

सही केलेला कोरा चेक, मूळ आधार किंवा मूळ दाखले, पावतीशिवाय रोख अनामत यांतलं काहीही देऊ नका. नाव खराब झालेला माणूस घाईत असतो आणि त्याचा फायदा घेणारेही टपलेले असतात. ऑनलाइन जाहिरातीतलं घर न दाखवता टोकन मागितलं तर तिथेच थांबा.

करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चाला घाबरणाऱ्या मालकाला आकडा करून दाखवा. भाडं ७,००० आणि मुदत ११ महिने म्हणजे ७७,०००. अनामत २०,००० वर दसादशे १० प्रमाणे ११ महिन्यांचं व्याज धरतात, ते १,८३३. दोन्हींची बेरीज ७८,८३३, त्याचे पाव टक्का म्हणजे साधारण २०० रुपये मुद्रांक. नोंदणी फी ग्रामीण हद्दीत ५००, शहरी हद्दीत १,०००. घरी येऊन अंगठा घेणारा एजंट त्याचे वेगळे घेतो. हा सगळा खर्च तुम्ही उचलतो म्हणालात तर वाद उरत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देण्याचा फॉर्मही त्याच दिवशी भरून घ्या, दोन फोटो जवळ ठेवा.

करारात एरवी कुणी घालत नाही अशी कलमं घाला: आवारातले नारळ, आंबे, फणस, सुपारी कुणाची, विहिरीच्या पंपाचं लाईटबिल कुणाचं, शाकारणी आणि गळती कुणाच्या खर्चाने, गणपतीत मालकासाठी कोणती खोली. मागच्या घरी जे बिनसलं ते बहुधा यातल्याच एखाद्या न बोललेल्या गोष्टीवरून.

चावी हातात आली की सामान लावण्याआधी प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छप्पर, नळ, कड्या आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲप करा, खाली तारीख लिहा. आधीचे ओलीचे डाग जवळून घ्या. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर त्याच भिंतींचे फोटो पुन्हा पाठवा.