औत-अवजार, वाकळ आणि मोट: गावातल्या एका खोलीचं संग्रहालय

काचेची कपाटं शेवटी आणा. पहिली खरेदी म्हणजे दोनशे पानी बांधीव वही. वस्तू दारात आली की क्रमांक, कुणाच्या घरची आणि काय कामाची ते लिहून देणाऱ्याची सही घ्यायची. कायमची दिली की नुसती ठेवायला दिली, हेही त्याच ओळीत लिहा. नाहीतर पुढच्या पिढीत भांडण ठरलेलं. क्रमांक वस्तूवर रंगवू नका, जाड कागदाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा.

आता तिफण, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. बहुतेक घरांतून जमिनीत रुतणाऱ्या तीन फणांचा सांगाडा तेवढा येतो. चाडं, म्हणजे बी सोडायचं वाडग्यासारखं भांडं, माळ्यावर पडलेलं असतं आणि बांबूचे नळे भुंग्यांनी खाल्लेले. चाड्यावाचून तिफण बघून नव्या पोराला बी कुठून पडायचं हे कळणार नाही. म्हणून तिफणीने पेरणी केलेल्या माणसाकडूनच ती जोडून घ्या: चाड्याच्या तीन भोकांत तीन नळे, प्रत्येकाचं दुसरं टोक आपापल्या फणामागे. दोन फणांतलं अंतर टेपने मोजून वहीत टाका. चाड्यावर मूठ धरून बी कसं सोडायचं, ते जाणत्या बाईकडून करून घेऊन मोबाइलवर चित्रित करा. या खोलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच ठरेल. चिठ्ठीवर गावातलेच शब्द हवेत: रुमणं (हातात धरायचा दांडा), जू (बैलांच्या मानेवरचं आडवं लाकूड), शिवळ (जुवाची खुंटी). ‘पारंपरिक कृषी उपकरण’ लिहिणाऱ्याने वही परत करावी.

लाकूड आलं की पंधरा दिवस पांढऱ्या कागदावर वेगळं ठेवा. कागदावर ताजा भुसा पडला तर भुंगा जिवंत आहे. चाडं, धान्य मोजायची पायली, मापटं अशा लहान वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. वाकळीलाही, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीलाही, हाच उपाय. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका. गार वस्तूवर हवेतला ओलावा बसतो आणि बुरशी धरते. उघड्या फडताळातल्या डांबरगोळ्यांची वाफ उडून जाते, कीड तशीच राहते. लाकडाला जवसाचं तेलही नको: चिकट होतं, धूळ धरतं, वर्षागणिक काळं पडतं. कोरडा ब्रश पुरे. वखराच्या पासेचा, म्हणजे लोखंडी पात्याचा, सुटा गंज घासून मेणाचा पातळ थर द्या.

मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची कातडी पिशवी. तिचं कातडं वाळून कडक झालेलं असतं. ती उलगडायला गेलात की घडीवर चिरते. आहे त्या आकारात आत जुनं धुतलेलं सुती कापड भरा, शेजारी तिचे दोर, म्हणजे जाड नाडा आणि बारीक सोंदूर, ठेवा.

जागेसाठी माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर डोळ्यांत भरतं, पण माती-दगडाच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं यांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिवमध्ये काय केलं ते इकडे सांगायला नको. अभियंत्याने तपासल्याशिवाय लोकांना आत घेऊ नका. छत गळत असेल तर उन्हाळ्यातच पांढऱ्या मातीचा थर द्या.

तेर-पैठणसारख्या जुन्या गावांत लोक मूर्ती, नाणीही आणून देतात. शंभर वर्षांवरची मूर्ती १९७२ च्या पुरावशेष व कलाकृती कायद्याने पुरावशेष, म्हणजे जपायची प्राचीन वस्तू, ठरते, तिची नोंदणी लागते. जमिनीत सापडलेला ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तो आपल्या कपाटात ठेवायचा नाही.