‘जागरूकतेचा अभाव’ लिहिण्याआधी: कोकणात आरोग्याचा गुणात्मक अभ्यास करताना या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आजारांवरचे विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासायला आले की मी आधी शेवटचं प्रकरण उघडतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असो, माकडताप असो की सर्पदंश, एक वाक्य तिथे बहुतेकदा भेटतंच: ‘ग्रामस्थांमध्ये जागरूकतेचा अभाव दिसून आला.’ हे लिहायला कुडाळपर्यंत एसटीचे धक्के खायची गरज नव्हती. दादरला घरी बसूनही लिहिता आलं असतं.

रजिस्टरमध्ये लेप्टो टाळायच्या गोळ्या किती वाटल्या ते असतं, पोटात किती गेल्या ते नसतं. आणि ज्या गेल्या नाहीत त्या का गेल्या नाहीत, हे शोधायलाच तर मुलाखती, गटचर्चा, निरीक्षण यांचा खटाटोप करायचा. तो करूनही हाती ‘अज्ञान’ एवढंच लागत असेल, तर बिघाड बहुधा गावात नसून अभ्यासाच्या पद्धतीत आहे. तो कुठे असतो ते पाहू.

सगळे ‘होय’ म्हणतात

ही तक्रार सर्वात जास्त येते, म्हणून जरा तपशिलात जातो. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू मळ्याच्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून माणसाच्या अंगात शिरतात. म्हणून लावणीच्या दिवसांत जोखमीच्या लोकांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची २०० मिलिग्रॅमची मात्रा देतात. ती घरोघरी पोचवते आशाताई. आता तुम्ही त्याच आशाताईला शेजारी बसवून पडवीत विचारता, ‘गोळी घेता का?’ उत्तर ठरलेलं: ‘होय तर, घेतंय मां.’ समोरची बाई खोटारडी नाही. ज्या ताईने पावसातून गोळी आणून दिली, तिच्या तोंडावर ‘ती फळीवर पडली आहे’ असं कोण सांगेल?

ओळख आशाताईकडूनच करून घ्या, त्याशिवाय कोणी दारात उभं करणार नाही. मुलाखतीच्या वेळी मात्र ती तिथे नको, हे तिला आधीच मोकळेपणाने सांगा. आणि तिची स्वतंत्र मुलाखत घ्या. २००५ पासून ग्रामीण आरोग्ययंत्रणेचा सगळा डोलारा तिच्या पायांवर उभा आहे. तिच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो, वरून आकडे मागितले जातात आणि राहायचं त्याच गावात असतं. तिच्या बोलण्यातून यंत्रणा जेवढी कळते तेवढी अधिकाऱ्याच्या मुलाखतीतून कळत नाही.

दुसरी अडचण प्रश्नातच आहे. ‘गोळी का घेतली नाही?’ हा प्रश्न शाळेतल्या बाईंचा. त्याला सबब मिळते, माहिती मिळत नाही. त्याऐवजी ‘गोळी घरात आली तिथपासून सांगा, कुठे ठेवलीत, मग काय झालं’ असं विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं नवख्यांना फार जड जातं. पण तेवढ्यात कधीतरी असं काही येतं: ‘घेतलंय एकदा. पेज होवची होती, तशीच घेतलंय नि मळ्यात गेलंय. ओकारी इली. मगे कोण घेता?’

या चार वाक्यांत अख्खं प्रकरण आहे. डॉक्सिसायक्लिन उपाशीपोटी घेतली की मळमळ होते. ती खाण्यासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. लावणीत माणूस उजाडायच्या आत मळ्यात उतरतो, पेज मागाहून येते. मग रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या म्हणावं, तर दिवसभर वाकून तरवा (भाताची रोपं) लावलेला माणूस ताटावरून उठतो तो थेट घोंगडीवर. म्हणजे अडचण गोळीच्या वेळेची आहे, आणि ती वेळ त्या घरच्या दिनक्रमात बसवून द्यायला हवी. गमबुटाचंही तेच. भित्तिपत्रकावर तो छान दिसतो. चिखलणी झालेल्या मळ्यात दोन पावलं टाकली की बूट खाली राहतो आणि पाय वर येतो. प्रश्नावलीत ‘गमबूट वापरता का: हो / नाही’ एवढंच असेल तर यातलं काही हाती लागणार नाही. एक सकाळ बांधावर उभे राहा. जमलं तर चिखलात उतरा.

माकडतापाच्या मुलाखतीतही हो-नाहीचा प्रश्न असाच फसवतो. दोडामार्ग तालुक्यात हा आजार २०१६ पासून माहीत आहे. गोचिडींमार्फत तो पसरतो आणि धोक्याचे महिने नेमके काजूच्या हंगामात येतात. ‘जंगलात जाता का?’ विचारलंत की ‘नाही’ म्हणतील, कारण ते काजूच्या बागेत जातात. कालचा दिवस उजाडल्यापासून सांगायला लावा. पातेरा (वाळलेली पानं) गोळा करायला कुठे गेलात, गुरं कुठवर नेलीत, काजूगर कुणी वेचले, हे सगळं आपोआप येतं.

एकाच वाडीचं गाव होतं

सरपंच यादी देतात, चहा देतात, मुलगा सोबत देतात. यादीतली घरं रस्त्यालगतची आणि त्यांच्या भावकीतली निघतात. कोकणातलं गाव वाड्यांनी बनतं: भंडारवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, किनाऱ्याला कोळीवाडा. आणि कोण कोणाच्या अंगणात चढतं, याचे अलिखित नियम अजून पुरते गेलेले नाहीत. तुम्ही ज्या घरी उतरलात त्या घराचे तुम्ही, असं गाव समजतं. आधी वाड्यांचा नकाशा काढा. व्हाळापलीकडची (ओढ्यापलीकडची), पावसात साकव म्हणजे छोटा पूल वाहून गेला की तुटणारी वाडी त्यात हवीच. हापूसच्या बागा राखणारे नेपाळी कुटुंबासह बागेतच राहतात. ते कुठल्याच यादीत नसतात आणि तापाने मात्र तेही फणफणतात.

माणूस दिसतो, घर सुटतं

‘रुग्ण उशिरा आला’ हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबरच असतं. पण तो उशीर कुणाचा? ताप दोन दिवस अंगावर काढला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले. घरात सासू, सून आणि शाळकरी पोरं. कर्ता पुरुष नालासोपाऱ्याला किंवा डोंबिवलीला. त्याचा फोन रात्री, कामावरून सुटल्यावर. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर पैसे तो पाठवणार, सोबत कोण जाणार हे तो शेजारच्या काकांशी बोलून ठरवणार. ओरोसच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं की सरळ गोव्यात बांबोळीच्या, हेही कित्येकदा मुंबईतच ठरतं. लेप्टोमध्ये या दिवसांना फार किंमत असते, कारण आजार मूत्रपिंडावर किंवा फुप्फुसांवर गेला की हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.

अशा वेळी फक्त रुग्णाची मुलाखत घेऊन ‘उपचार घेण्याची वृत्ती’ शोधणं व्यर्थ आहे. एका आजारपणाचा तासागणिक माग काढा: पहिल्यांदा कुणाला सांगितलं, गाडी कुणाची, १०८ ला फोन केला का, दागिना गहाण पडला का, पोरांना कुणाकडे ठेवलं. सासूला वेगळं विचारा, सुनेला वेगळं. मुंबईच्या मुलालाही फोन करा. तिघांच्या हकिकती जुळल्या नाहीत तर घाबरू नका, त्या जिथे जुळत नाहीत तिथेच घरातली सत्ता दिसते. गणपतीत चाकरमानी येतात म्हणून तेव्हा मुलाखती उरकण्याचा मोह होतो. तेव्हा घर भरलेलं असतं, आणि भरल्या घरात सून बोलत नाही.

भगत आला की विश्लेषण संपतं

देवळात कौल लावला, भगताकडे गेले, उतारा टाकला, एवढं ऐकलं की विद्यार्थी त्या मजकुराला ‘अंधश्रद्धा’ असा कोड, म्हणजे विश्लेषणासाठीचं लेबल, टाकतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. जरा क्रम तपासा. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्र, संध्याकाळी गाऱ्हाणं, अशी जोडी कितीतरी घरांत सुखाने नांदते. उशीर खरोखर भगतामुळे झाला की रात्री गाडी न मिळाल्यामुळे, हे घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. फुरसं हा विषारी साप चावलेल्याला मंत्राने उतार पडत नाही, प्रतिविषच लागतं, यात दुमत नाही. पण लाल विंचवाचा इतिहास आठवा. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत त्या दंशावर वैद्यकाकडेही खात्रीचा इलाज नव्हता. तेव्हा मांत्रिकाकडे धावणाऱ्याला कुठल्या तोंडाने नावं ठेवणार?

मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुचवलेले साधे प्रश्न इथे फार कामाला येतात: हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, आत्ताच का झालं, कशाची भीती सगळ्यात जास्त आहे. ‘आत्ताच का’ याला डॉक्टरकडे सहसा उत्तर नसतं. भगताकडे असतं.

आकड्यांचा हव्यास

मार्गदर्शक विचारतात, मुलाखती किती? कुणीतरी बारा सांगतं. हा बाराचा आकडा २००६ मधल्या एका लेखातून आला. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती तपासल्यावर बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच आलेले दिसले. पण तो गट बराचसा एकसारखा होता आणि प्रश्नही सारखे. चार वाड्या, खलाशी, बागायतदार, सुना असा पसारा असेल तर बारावर थांबू नका. आणि दहा बायकांशी बोलून ‘७० टक्के स्त्रियांच्या मते’ असं तर कृपा करून लिहू नका.

पावसाळी किरकोळ दुरुस्त्या

पत्र्याच्या पडवीत जुलैत केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त पत्रा ऐकू येतो. कौलारू माजघरात बसा, फोन बोलणाऱ्याजवळ ठेवा आणि त्याच रात्री टिपणं लिहा. वीज जाणार हे धरूनच चाला. मालवणी बोलणं उतरवताना प्रमाण मराठी करू नका. कोडिंग संपेपर्यंत ते जसंच्या तसं राहू दे. सही मागितली की सातबाऱ्याच्या धास्तीने माणसं आखडतात, आणि ती धास्ती अगदीच निराधार नाही. नीतिसमितीची आधी परवानगी घेतली तर तोंडी संमती रेकॉर्ड करता येते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला वाव आहे.

नाव बदललं, माणूस तोच

‘सुमन (बदललेलं नाव), ५२, आशा, खालची वाडी, नवरा ट्रॉलरवर’ असं छापलंत तर पंचक्रोशीत न ओळखणारा एकही सापडणार नाही. टीबी, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार अशा विषयांत याची किंमत त्या बाईला लग्नकार्यात, पाणवठ्यावर मोजावी लागते. वय गटात सांगा, वाडीचं नाव गाळा, नवऱ्याचा धंदा विश्लेषणाला लागत नसेल तर काढून टाका, दोन सारख्या हकिकती असतील तर एकच द्या. आणि छापण्याआधी तो उतारा तिला एकांतात वाचून दाखवा. ‘ह्या नको’ म्हणाली तर काढा.