मेलबर्नमधला तिसरा वसंत

‘मला कसलीच अ‍ॅलर्जी नाही,’ असं इथे नवीन आलेले बरेच जण छातीठोकपणे सांगतात. मीही सांगायचो. लहानपणी पुण्यात गाजरगवताने शिंकून हैराण व्हायचो, पण कॉलेजात जाईपर्यंत ते थांबलं होतं. मेलबर्नचे पहिले दोन वसंत मजेत गेले. तिसऱ्या ऑक्टोबरात एका रविवारी परसातल्या दोरीवर चादरी वाळत घातल्या, रात्री त्याच अंथरल्या आणि पहाटे तीनला डोळे सुजून टम्म! नाकाला धार. बायकोला वाटलं, घरून काही वाईट बातमी आली म्हणून मी रडतोय.

अ‍ॅलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. रायग्रास या इथल्या गवताच्या परागांविरुद्ध शरीर आधी प्रतिपिंडं बनवतं आणि त्यात एक-दोन हंगाम सहज जातात. तेव्हा ‘मागच्या वर्षी काही झालं नाही’ यावर विसंबू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर गवताचा हंगाम. उत्तरेचा गरम वारा पराग घेऊन सुटला की कपडे घरातच वाळवा. नाकातल्या स्टेरॉइड स्प्रेबद्दल जीपीला (म्हणजे फॅमिली डॉक्टरला) ऑगस्टमध्येच विचारा. शिंका सुरू झाल्यावर धावाधाव नको.

वळवाच्या सरीआधी गार वारा आला की खिडक्या उघडायची आपली सवय. इथे नोव्हेंबरात त्या लावून घ्यायच्या. 21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी असंच वादळ आलं. परागकण ओलाव्याने फुटले आणि त्यांचे बारीक तुकडे थेट फुप्फुसांत गेले. हजारो लोक इस्पितळांत पोचले, 10 जण दगावले. कित्येकांना तोवर नुसत्या शिंका यायच्या, दमा कधीच नव्हता. इस्पितळात पोचलेल्यांत भारतीय आणि आशियाई वंशाची माणसं लोकसंख्येच्या मानाने जास्त होती. म्हणून हंगामात शिंकणाऱ्याने निळा पफर (दम्याच्या औषधाचा फवारा) आणि स्पेसर (त्याला जोडायची नळी) घरात ठेवावा. पफर फार्मसीत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. चार पफ, एकेक करून, प्रत्येकाला चार श्वास, मग चार मिनिटं थांबायचं. फरक पडला नाही तर पुन्हा तसेच चार पफ. तरीही नाही तर 000, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर. दमा नसलेल्याला धाप लागली तर मात्र आधी 000, मग पफर.

खाण्याचं गणित वेगळं. दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात सुटते, शेंगदाण्याची पाचांतल्या एखाद्याचीच. म्हणून कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी पाळणाघरातून परत आली तर रागावू नका. (मी रागावलो होतो. नंतर वर्गातल्या शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईशी बोललो आणि गप्प झालो.) उलट जन्मभर कोळंबी चापणाऱ्याला चाळिशीत ती सोसेनाशी होते, असंही घडतं. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर ‘काहीतरी बाधलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि लेकराची अ‍ॅलर्जी गेली का, हे घरी चमचाभर भरवून बघायचं नाही. जीपीकडून तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी घ्या, तीही इथे आल्या आल्या. सरकारी इस्पितळात नंबर लागायला महिनोन्महिने जातात.