पुण्याहून आई-बाबा लंडनला येणार असतील तर

मार्च उजाडला की ओळखीतल्या नव्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आता आई-बाबांना काय काय दाखवू? मी 14 वर्षं लंडनमध्ये आहे. माझे आई-बाबा कोथरूडहून पाच वेळा येऊन गेले. पहिल्या खेपेला केलेल्या चुका अजून सलतात, आणि त्याच चुका दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी करताना दिसतं.

काय दाखवायचं ते नंतर. आधी विमा.

बाबांची अँजिओप्लास्टी झालेली होती. विम्याच्या फॉर्मवर आधीच्या आजारांच्या रकान्यात मी फक्त बीपी लिहिलं, कारण अँजिओप्लास्टी लिहिली की हप्ता जवळजवळ तिप्पट होत होता. दुसऱ्याच आठवड्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. चार दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. विमा कंपनीने पुण्याहून जुने कागद मागवले आणि क्लेम नाकारला. घरासाठी साठवलेले सगळे पैसे त्या बिलात गेले. पैसे पुन्हा साठले. पण उरलेले दोन महिने बाबांनी माझ्याकडे काहीही मागितलं नाही, साधी कॉफीसुद्धा नको म्हणायचे, ते मी विसरू शकत नाही.

इथला नियम नीट समजून घ्या. 'इथे उपचार फुकट असतात' हे अर्धवट सांगणारे पुष्कळ भेटतील. जीपीला, म्हणजे घराजवळच्या फॅमिली डॉक्टरला, दाखवायला पाहुण्यालाही पैसे पडत नाहीत. इमर्जन्सीत तपासतात, उपचार करतात, तेही फुकट. पण वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू होतं, आणि पाहुण्यांना ते सरकारी दराच्या दीडपट लागतं. 500 पौंड किंवा त्याहून जास्त बाकी राहिली तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. तेव्हा बीपी, शुगर, थायरॉइड, वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, सगळं लिहा. आई-बाबांना विचारू नका, कारण ते 'आम्हाला काही नाही' असंच म्हणतील. त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

व्हिसा कितीही वर्षांचा असला तरी एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगा, बाबा नको म्हणाले तरी. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पेढे, खव्याची बर्फी, तूप आणायला सांगू नका. भारतातून दुधाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे. भारतातलं सिम चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. आणि बूट महिनाभर आधी घ्यायला लावा. ते घालून बाबांना रोज पर्वती चढू दे. नवे कोरे बूट घालून लंडन बघता येत नाही.

शक्यतो मे ते ऑगस्टमध्ये बोलवा. डिसेंबरात इथे चारच्या आधी सूर्य मावळतो. आपण दिवसभर ऑफिसात असतो, त्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही. दिवसभर खिडकीशी बसलेल्या माणसाला जाणवतं.

माझं खरं सांगणं यापुढेच आहे. शनिवार-रविवार फिरवून आणणं सोपं असतं. सोमवार ते शुक्रवार काय? पुण्यात बाबा सकाळी फिरायला जातात, कट्ट्यावर तासभर बसतात, येताना कोथिंबीर आणतात. आईची भिशी आहे, भजनी मंडळ आहे. रोज दहा माणसं त्यांना नावाने हाक मारतात. इथे त्यांना टीव्हीचा रिमोट देऊन आपण बाहेर पडतो आणि संध्याकाळी विचारतो, कंटाळा आला का? ते नाही म्हणतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

पहिल्याच आठवड्यात दोन दिवस रजा काढा आणि त्यांना एकट्याने बाहेर पडायला शिकवा. घराजवळची एकच बस निवडा. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. दोघांना भाड्यासाठी टॅप करायची दोन वेगळी कार्डं द्या, एक कार्ड दोघांना चालत नाही. एका बसचे पैसे भरल्यावर तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे पैसे पडत नाहीत. पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी बसा, दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर. तिसऱ्या दिवशी त्यांना एकटं जाऊ द्या. खिशात पत्त्याची चिठ्ठी असू दे. बाबा पहिल्यांदा एकटे लायब्ररीत जाऊन आले, त्या संध्याकाळी त्यांचा आवाजच वेगळा होता. इथले लोक आपणहून घरी येणार नाहीत, पण बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी हवेविषयी दोन शब्द हमखास बोलतात. आईला इंग्रजीची भीती वाटायची, ती त्याच गप्पांनी गेली.

आपल्यातल्या काही लोकांविषयीही बोलते. पाळणाघराचा खर्च वाचावा म्हणून आई-बाबांना बोलावतात आणि त्याला 'नातवंडांचा सहवास' म्हणतात. सत्तरीच्या बाईने दहा तास लहान मूल सांभाळायचं आणि वर पोळ्याही करायच्या, हे मला पटत नाही. सहवास हवा असेल तर मूल पाळणाघरात राहू द्या.

फिरवण्याचं थोडक्यात. दिवसाला एकच ठिकाण. निघण्याआधी तिथलं टॉयलेट आणि बसायची जागा शोधून ठेवा. आई स्वच्छतागृह सापडणार नाही या धास्तीने पाणीच पीत नसे, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. भुयारी रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही. एलिझाबेथ लाइनवर सगळीकडे जिन्याशिवाय फलाटापर्यंत जाता येतं. ब्रिटिश म्युझियम फुकट आहे, म्हणून एका दिवसात संपवायचा हट्ट नको.

आणि त्यांच्या ओळखीचं लंडन दाखवा. किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरचं घर, जिथे डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने घेतलं आहे, आत जाऊन बघता येतं. हायगेटला सावरकर राहिले ते इंडिया हाउस बाहेरूनच बघायचं, आणि रस्ता चढाचा आहे. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं. तिथल्या एखाद्या कार्यक्रमाला जरूर न्या. बाबांना सगळ्यात आवडलं ते मेडा व्हेलमधलं 10, हाउली प्लेस. चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी आलेले टिळक 1918-19 मध्ये तिथे राहिले, भिंतीवर फलक आहे. जन्मभर नारायण पेठेत केसरीवाड्यावरून जा-ये केलेला माणूस त्या फलकाखाली उभा राहिला आणि माझ्या मुलीला अख्खा खटला सांगितला. तिथून जवळच लिटल व्हेनिसचा कालवा आहे. काठाला बाकं आहेत, डबा तिथेच उघडा.