एररचे नंबर एनममध्ये लिहिताय? या चुका टाळा

कोटलिन या अँड्रॉइड ॲपच्या भाषेत एनम, म्हणजे ठरावीक नावांची यादी, लिहिला की प्रत्येक नावाला ऑर्डिनल, म्हणजे यादीतला क्रमांक, फुकटात मिळतो: ०, १, २. घाईतला माणूस तेच एरर कोड म्हणून वापरतो.

सांगलीच्या हळद सौद्यांचं ॲप धरा. एनममध्ये तीन नावं: नेटबंद, लॉटविकला, बोलीकमी. मार्केट यार्डात रेंज गेली की ॲप एररचा आकडा फोनमध्येच साठवतं, नंतर सर्व्हरला पाठवतं. पुढच्या व्हर्जनमध्ये कुणीतरी नेटबंदच्या खाली लॉगिनसंपलं घुसवतो, का तर तिथं ते शोभतं! झालं. साठवलेला १ कालपर्यंत 'लॉट विकला' होता, आज 'लॉगिन संपलं'. खरेदीदार ओटीपी घालून दमतो, अडत्या म्हणतो लॉट मघाशीच गेला. ॲप क्रॅश होत नाही, कंपायलर चकार शब्द काढत नाही. त्यात काही फोनांत जुनं व्हर्जन, म्हणजे सर्व्हरवर आलेला १ नेमका कुठला हेही कळत नाही.

नंबर स्वतःच्या हातानं द्या. नेटवर्कचे १००१ पासून, लॉगिनचे २००१ पासून, सौद्याचे ३००१ पासून. बाद झालेला नंबर पुन्हा कुणाला देऊ नका. कोटलिन दुबार नंबर पकडत नाही, त्यासाठी चार ओळींची टेस्ट लिहाच. स्विफ्ट ही आयफोन ॲपची भाषा दुबार नंबर पकडते, पण पहिल्यालाच ३००१ देऊन बाकीचे तिच्यावर सोडले, तर मध्ये एक केस, म्हणजे एनममधलं नवं नाव, घातली की पुढचे सगळे सरकतात.

दुसरं दुखणं अनोळखी कोडचं. सर्व्हरनं नवा ३००७ पाठवला आणि जुन्या ॲपमध्ये तो कोटलिनच्या 'फर्स्ट'नं शोधला, तर तो न सापडल्यानं ॲप तिथंच क्रॅश होतं. स्विफ्टमध्ये रॉ व्हॅल्यूवरून (केसच्या आकड्यावरून) केस शोधताना पुढे उद्गारचिन्ह, म्हणजे 'सापडणारच' अशी खात्री, ठोकणाऱ्यांचंही तेच. कोटलिनमध्ये 'फर्स्टऑरनल' वापरा, नल (काहीच सापडलं नाही) आलं तर 'अनोळखी' द्या. मूळ आकडा मात्र शेजारी जपून ठेवा, नाहीतर लॉगमध्ये (ॲपच्या नोंदींत) नुसते 'अनोळखी'चे ढीग दिसतील.

कोटलिनच्या 'व्हेन'मध्ये, म्हणजे प्रत्येक केससाठी काय करायचं ते लिहितो तिथं, एल्स ('बाकी सगळ्यांसाठी') टाकू नका. नवी केस राहून गेली तर कंपायलर अडवणारच नाही.

मराठी मेसेज एनममध्ये कोंबू नका, स्ट्रिंग रिसोर्समध्ये, म्हणजे मजकुराच्या वेगळ्या फाइलमध्ये, ठेवा.

स्विफ्टमध्ये एररच्या एनमला 'लोकलाइज्डएरर' हा प्रोटोकॉल देऊन त्यातल्या 'एररडिस्क्रिप्शन'मध्ये मेसेज द्या. नुसतं 'लोकलाइज्डडिस्क्रिप्शन' लिहिलं तर स्क्रीनवर बहुतेक वेळा ॲपलचंच ठोकळेबाज वाक्य येतं. कोड मेसेजखाली बारीक अक्षरात दाखवा, म्हणजे शेतकऱ्याला फोनवर तो वाचून सांगता येईल.