घरचं आइस्क्रीम बिघडतं कुठे? या चुका टाळा

आइस्क्रीम बिघडलं की लोक मशीनला शिव्या घालतात. "मशीनच भिकार निघालं हो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. एखाद्याचं मशीन खरंच भिकार असेलही. बाकीच्यांना मी एकच विचारते, मिश्रण ओतलं तेव्हा किती थंड होतं? मग समोरचा माणूस विषय बदलतो.

गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांकडे आइस्क्रीमची चांगली पुस्तकं असतात. माझ्याकडून वाचायला नेलेली पुस्तकं परत येतात तेव्हा कृतींच्या पानांवर चॉकलेटचे डाग पडलेले असतात आणि सुरुवातीची वीस-पंचवीस पानं मात्र कोरी करकरीत. त्या पानांत फोटो नसतात, साखर, फॅट आणि तापमान यांची कंटाळवाणी चर्चा असते. नेमकं तिथेच सगळं लिहिलेलं असतं.

कोमट मिश्रण मशीनमध्ये ओतणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः भरल्या घरात केली आहे. रात्री जेवायला बारा माणसं होती. संध्याकाळी सहाला कस्टर्ड, म्हणजे दूध-क्रीम, साखर आणि अंड्याच्या बलकांचं मिश्रण, शिजवलं, पातेलं दहा मिनिटं गार पाण्यात ठेवलं, बोट बुडवून पाहिलं. "झालं की गार!" म्हणत मशीनमध्ये ओतलं. भाची शेजारी स्टुलावर बसून राखण करत होती. दर पाच मिनिटांनी तिची बातमी यायची, "मावशी, अजून दूधच आहे." वीस मिनिटांनी दूध, चाळीस मिनिटांनीही दूध. शेवटी मशीन बंद करून आधी फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेला बाउल उचलला तर त्याच्या भिंतीतलं जेल वितळून खळखळ वाजत होतं. सगळं डब्यात ओतून फ्रीझरमध्ये टाकलं. अकरा वाजता काढलं तेव्हा कडेला बर्फाची वीट आणि मध्ये पातळ कस्टर्ड. ते मधलं आम्ही केकवर ओतून सॉस म्हणून खाल्लं. "त्या दिवशीचा सॉस मस्त होता हं," असं पाहुणे अजून आठवणीने सांगतात. मला त्यातला टोमणा कळतो.

झालं काय होतं? गोठवून ठेवायच्या बाउलमध्ये थंडी मोजकीच असते. लिटरभर मिश्रण 30 अंशांवरून 4 अंशांवर आणायला जेवढी थंडी खर्च होते, जवळजवळ तेवढीच त्यातलं निम्मं पाणी गोठवायला लागते. म्हणजे बाउलचा अर्धा जीव फ्रीजचं काम करण्यात गेला. शिवाय मिश्रण जितकं हळू गोठेल तितके बर्फाचे कण मोठे होतात आणि मग जिभेवर कचकच लागते.

मिश्रण नुसतं गार करूनही भागत नाही, ते मुरावं लागतं. 4 अंशांच्या आसपास ठेवलं की काही तासांत फॅटचे थेंब घट्ट होऊ लागतात आणि दुधातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात. घुसळताना हवा टिकते ती यामुळेच. पुस्तकं किमान चार तास म्हणतात. मी चार तासांच्या भानगडीत पडत नाही. रात्री जेवणं आटोपली की कस्टर्ड करते, पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवून ढवळत गार करते आणि झाकून फ्रीजच्या तळाशी मागे ढकलून देते. मशीन दुसऱ्या दिवशी. बाउल फ्रीझरमध्ये पूर्ण चोवीस तास. बाहेर काढला की कानाशी धरून हलवायचा, आत जरा जरी आवाज आला तरी परत आत. "आजच हवंय, काही आयडिया सांगा ना," असे फोन येतात. आयडिया एकच, आज विकतचं आणा.

साखर कापणं

"आम्हाला फार गोड चालत नाही, म्हणून साखर निम्मी केली." हे वाक्य ऐकलं की पुढचं मला ठाऊक असतं, आइस्क्रीम दगड झालं असणार. साखर फक्त गोडीसाठी असते हा समज काही केल्या जात नाही. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते. नीट प्रमाण असेल तर उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्येही मिश्रणातलं साधारण पाऊणच पाणी गोठतं, उरलेलं दाट पाक होऊन बर्फाच्या कणांमध्ये राहतं. चमचा आत शिरतो तो या पाकामुळे. साखर कापली की पाक कमी आणि बर्फ जास्त. माझ्या एका मैत्रिणीने अशा आइस्क्रीमवर चांगला जड स्कूप वाकवून घेतला आणि तो आता तिच्या कुंडीत माती उकरायला आहे.

हे ज्ञान काही काल-परवाचं नाही. लंडनच्या ॲग्नेस मार्शल यांनी 1885 साली 'द बुक ऑफ आइसेस' काढलं. त्यात आइस्क्रीम बनवणाऱ्यांसाठी मोजक्या सूचना आहेत आणि सुरुवातच साखरेने होते: जास्त झाली तर नीट गोठणार नाही, कमी झाली तर खडकासारखं होईल. बाईंचं स्वतःचं मशीन विक्रीला होतं, तरी पहिली सूचना मशीनबद्दल नाही, हे मला फार आवडतं. डब्याभोवती नुसता फोडलेला बर्फ पुरत नाही, त्यात मीठ घालायलाच हवं, हेही त्या तिथेच सांगून टाकतात. हाताने फिरवायच्या बादलीत आजही लोक मीठ चिमटी-चिमटीने टाकतात. वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग मीठ लागतं. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं, नुसता बर्फ शून्यावर बसून राहतो.

लिटरभर मिश्रणाला 150 ते 170 ग्रॅम साखर धरा. गोडी खरंच कमी हवी असेल तर त्यातली 30-40 ग्रॅम काढून तेवढंच डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजची पावडर) घाला. ते साखरेच्या पाऊणपटच गोड असतं, पण गोठणबिंदू जवळपास दुप्पट खाली नेतं. आणि कोमट मिश्रण चाखून "बापरे, केवढं गोड" म्हणू नका. थंडीत जिभेला गोडी कमी कळते, कोमट असताना ते थोडं जास्तच गोड लागायला हवं.

पुस्तकातली मापं

जुनं इंग्रजी पुस्तक उघडलंत की आधी ते कुठे छापलंय ते बघा. ब्रिटिश पाइंट 568 मिलिलिटरचा, अमेरिकन 473 चा. मार्शलबाईंच्या सर्वात श्रीमंत कस्टर्डमध्ये एक पाइंट क्रीम, पाव पौंड म्हणजे 113 ग्रॅम साखर आणि आठ पिवळे बलक आहेत. मी ते पहिल्यांदा अमेरिकन पाइंट धरून केलं. जवळजवळ शंभर मिलिलिटर क्रीम कमी पडलं, त्यामुळे बलकाचा वास वर आला आणि चूक सापडेपर्यंत मी अंड्यांना दोष देत बसले.

क्रीमचंही तेच. ब्रिटिश 'डबल क्रीम'मध्ये 48 टक्क्यांच्या आसपास फॅट असतं, अमेरिकन 'हेवी क्रीम'मध्ये 36 किंवा थोडं जास्त. नावावर जाऊ नका, पाकिटावरचा आकडा वाचा. आणि कपांची मापं एकदाच ग्रॅममध्ये बदलून पेन्सिलने समासात लिहून ठेवा. माझ्या पुस्तकांचे समास पाहून लोक हळहळतात, पण ती पुस्तकं माझी आहेत.

उरलेल्या चुका

मशीन फिरायला लागल्यावरच मिश्रण ओता. आधी ओतलंत तर कडेला बर्फाचा थर धरतो, पातं अडकतं आणि मोटर रडायला लागते.

कस्टर्ड 82 अंशांना उतरवा, 85 च्या पुढे अंडं फाटतं. "अंदाजाने कळतं मला" म्हणणाऱ्यांनी गाळणी जवळ ठेवावी.

मशीनमधून कडक आइस्क्रीम निघत नसतं. पळीवरून जाडसर ओघळेल इतकं झालं की थांबा, कडक व्हायचं काम फ्रीझरचं. अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं करत राहिलात तर तोंडात लोण्याचे दाणे येतील.

स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणी असतं. कच्ची चिरून टाकलीत तर बर्फाचे खडे चावत बसाल, म्हणून आधी साखरेत शिजवून आटवा.

दूध पावडर मूठभर जास्त पडली की जिभेला वाळू लागते. ती दुधातली साखर असते, स्फटिक होऊन बसलेली.

रम घालायची हौस असेल तर लिटरला तीन मोठे चमचे बास. त्यापुढे ते गोठत नाही, आणि मग परत मशीनला शिव्या.

कंडेन्स्ड मिल्क आणि फेटलेलं क्रीम एकत्र करून 'मशीनशिवाय आइस्क्रीम' होतं, मान्य. पण प्रत्येक चव घातली तरी शेवटी कंडेन्स्ड मिल्कचीच चव येते आणि गोडी कमी करायला जागाच उरत नाही. घाई असेल तर करा, मला चाखायला बोलावू नका.

साठवण्याबद्दल मात्र थोडं सांगते, कारण इतकं करून लोक शेवटी इथे माती खातात. मोठा खोल डबा घ्यायचा, तो फ्रीझरच्या दाराशी ठेवायचा आणि येता-जाता झाकण उघडून एक चमचा घ्यायचा. दर वेळी वरचा थर जरा वितळतो आणि परत गोठतो. बारीक कण विरघळून त्यांचं पाणी मोठ्या कणांवर चढतं, आठवड्याभरात वर बर्फाचं गवत उगवतं. मी अर्ध्या लिटरचे उथळ डबे अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये गार करून घेते, आइस्क्रीम भरलं की वर बटर पेपर चिकटवते आणि सगळ्यात मागे, वाटाण्याच्या पिशवीखाली ठेवते. झाकणावर तारीख लिहिते. चवीचं नाव लिहीत नाही, नाहीतर कॉफीचा डबा दोन दिवसही टिकत नाही.